ही भजी हायत का धिरडी

मी तीन वर्षं भजी केली नाहीत. वडे नाहीत, पुऱ्या नाहीत, साधा पापडसुद्धा तळला नाही. आमच्या घरात कढई आहे, पण ती माळ्यावर आहे आणि तिच्यात आमच्या ह्यांनी नटबोल्ट भरून ठेवलेत. हे साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर होते, आता रिटायर आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. वर्गात एकदा नाही म्हटलं की नाही, ही सवय तिथं लागली ती घरीही सुटली नाही. लोक म्हणतात मी तापट आहे. लोकांना काय, बोलायला कुठं तिकीट लागतं.

कारण सांगते. माझा धाकटा भाऊ सुभेदार होऊन पलटणीतून परत आला आणि त्यानं वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी, उसाच्या कडेला, स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीला अख्खं गाव जेवायला. आचाऱ्याचा टेम्पो वाटेत कुठंतरी बंद पडला आणि पंगत बसायची वेळ झाली, तेव्हा मीच पदर खोचून कढईसमोर बसले. दोनशे माणसांची भजी. घाम पुसायला हात मोकळा नव्हता. पहिला घाणा निघाला आणि भाऊ चार पाहुण्यांना घर दाखवत तिथं आला. त्यानं एक भजं उचललं, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. भजं मधोमध वाकलं.

"आक्का, ही भजी हायत का धिरडी? आमच्या पलटणीतला लांगरी बरा की गं."

लांगरी म्हणजे पलटणीतला स्वयंपाकी. सगळा मांडव हसला. त्यात माझ्या सासरची माणसं होती, ती जरा जास्तच हसली. मी झारा खाली ठेवला, पुन्हा कढईला हात लावायचा नाही अशी मनात शपथ घेतली, हात धुतले, ह्यांना म्हटलं, "चला," आणि न जेवता सातारा गाठला. पेठ नाक्यावर ह्यांनी हळूच वडापाव घेऊन खाल्ला, तेही मला अजून आठवतं.

तेव्हापासून आम्ही दोघं बोललो नाही. पहिल्या भाऊबीजेला मी ताट करून बसले. तो आला नाही. त्याला वाटलं आक्का फोन करेल, मला वाटलं बहिणीकडं यायला फोन कशाला लागतो. दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. भाऊ नसलेल्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. मी धडधाकट भाऊ असताना तीन वर्षं गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. वर बघून म्हणायची, बाबा, तू तरी माझ्या हातच्या खाण्याला नावं ठेवू नकोस. मग खाली येऊन रडायची. मला माझा भाऊ हवा होता, ह्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त पहिला शब्द त्याच्या तोंडून यायला हवा होता.

यंदा दसरा झाला आणि दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे ह्याच भावाची बायको. तिचं-माझं कधी बिनसलं नव्हतं, सणासुदीला ती फोन करायची.

"वन्सं, स्टँडवर जाऊन पोतं घ्या. सकाळच्या गाडीत ड्रायव्हरकडं दिलंय. वानवळा हाय."

शेतात नवं काही पिकलं की नात्यागोत्यात थोडं थोडं पाठवायचं, तो वानवळा. मी विचारलं, "कुणी सांगितलं पाठवायला?"

"मालकांनीच भरलं. सातारचं एक पोतं येगळं बांध म्हनले." मग तिनं आवाज खाली आणला. "वन्सं, तुमाला सांगू नगं म्हनल्यात, पर मला ऱ्हावंना. दोन म्हयन्यांमागं त्यांच्या छातीत कळ आली. सांगलीला न्हेलं. दोन स्प्रिंगा बसवल्यात."

मी गॅस बंद केला. वहिनी सांगत होती. तेल बंद, तळण बंद, मटण बंद, मीठ जवळजवळ बंद. आहार सांगणाऱ्या बाईंनी कागदावर भाज्यांची नावं लिहून दिली, त्यात झुकिनी होती. आमच्या बंधूंना लहान काही जमतच नाही. चार रोपं लावायची सोडून पाच गुंठे लावली. आता ती रोज उकडून पानात येते आणि तो रोज ताट सरकवतो.

"कुरकुरीत कायतरी दे म्हनत्यात. आता कुटनं देऊ? अर्ध्या भाकरीवर आल्यात. अंगातल्या शर्टात आनि एक मानूस मावंल."

मी तिला वाटेल ते बोलले. दोन महिने झाले आणि मला आज सांगताय, मी काय परकी आहे का, उद्या काही झालं असतं तर पेपरात वाचायचं होतं का. ती बिचारी सगळं ऐकून घेत होती, ज्याला ऐकवायचं तो तिथं नव्हता. फोन ठेवला आणि ओट्याखाली पाटावर बसून रडले. हे दारात आले, बघितलं, आणि न विचारता स्कूटरची किल्ली घेऊन आले.

पोतं उघडलं तर आत हातभर लांब, हिरव्यागार, मांडीएवढ्या जाड वस्तू. मी झुकिनी आधी पाहिली नव्हती. काकडीचीच कुठली तरी जात, असं मानून मी रीतसर टोक कापलं आणि कडूपणा काढायला कापलेल्या टोकानं घासत बसले. काकडीला कसा पांढरा फेस येतो, तशी वाट बघत होते. दहा मिनिटं घासलं. फेस काही येईना, टोक तेवढं झिजलं. मग कोशिंबीर केली, दाण्याचा कूट घातला, वरून फोडणी दिली. चव अशी की तोंडात काही आहे की नाही ते कळू नये.

हे म्हणाले, "चांगली आहे." हे पस्तीस वर्षं सगळ्यालाच चांगली आहे म्हणतात. चहात चुकून मीठ पडलं होतं त्या दिवशीही म्हणाले होते.

शेजारणीला वाडगाभर भाजी करून दिली. तिनं दुसऱ्या दिवशी वाडगा परत केला, त्यात रिवाजाप्रमाणं मूठभर साखर होती, आणि घरात कुणाचं पोट बिघडलंय का अशी चौकशी केली. पोतं परत पाठवायचं होतं. वानवळ्याचं पोतं रिकामं परत करायचं नसतं, भांडण असलं तरी नसतं. मी त्यात कोरेगावचा वाघ्या घेवडा घातला, तोंड शिवलं आणि ड्रायव्हरकडं दिलं. चिठ्ठी वगैरे काही लिहिली नाही.

पण डोक्यात एकच घोळत होतं. कुरकुरीत कायतरी दे. तेल चालत नाही आणि कुरकुरीत पाहिजे. स्वयंपाकघरात फेऱ्या मारता मारता माझी नजर फ्रिजवर गेली.

फ्रिजवर एअर फ्रायर होता. मुलीनं पुण्याहून दोन वर्षांपूर्वी दिवाळीला पाठवलेला. मी त्याला जुन्या साडीचं झालरवालं कव्हर शिवलं होतं आणि त्यापलीकडं त्याला हात लावला नव्हता. म्हणजे खंडेनवमीला लावत होतो. त्या दिवशी आमचे हे आपली पान्ह्यांची पेटी, स्कूटर, माझं शिलाई मशीन सगळं पुसून पूजा करतात, त्यात हाही बसायचा. कव्हर काढलं तर कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक आणि अंगावर वाळलेली झेंडूची माळ. दोन दसरे पूजा झाली होती आणि पाव भाजण्यापुरताही कधी गरम झाला नव्हता.

मी नीट विचार केला. माझी शपथ कढईची होती. मशीन शपथेत कुठं बसत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी सरळ भज्यांचं पीठ भिजवलं, त्यात झुकिनीच्या चकत्या बुडवल्या आणि एकेक करून मशीनच्या टोपलीत सोडल्या. टोपलीला तळाशी भोकं असतात. पीठ भोकांतून खाली गेलं, तिथं भाजून सिमेंट झालं आणि चकत्या वर उघड्या पडल्या. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन दुपारभर ते खरवडलं. रिटायर झाल्यापासून ह्यांना इतकं खूश मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पीठ न लावता, नुसत्या चकत्या टोपलीत काठोकाठ भरल्या. तिसऱ्या मिनिटाला आतून वाफ यायला लागली. बाहेर आल्या तेव्हा ओल्या मोज्यासारख्या होत्या. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, गर्दी नाही करायची. एकीवर एक नको, सुट्या सुट्या मांड. एका वेळी बारा."

"बारा? ही काय भातुकली आहे? मी दोनशे माणसांची भजी केलेली बाई आहे."

"हो आई, आणि त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे."

ही माझीच मुलगी, तोंड माझ्याकडूनच घेतलंय. मी फोन ठेवला आणि बारा मांडल्या.

तरीही मऊच. झुकिनीत पाणी फार. एरवी मीठ लावून पिळून काढलं असतं, कारल्यासारखं, पण भावाला मीठ बंद. मग चौथ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यात प्रकाश पडला. आपण आयुष्यभर सांडगे घालतो, कुरडया घालतो, पाणी काढायला ऊन आहेच की. ऑक्टोबरचं ऊन, चटका बसावा असं. धुतलेल्या पंच्यावर चकत्या पसरल्या, वरून पातळ ओढणी टाकली, तासभर ठेवल्या. कडा जराशा वळल्या. त्यांना कोरडंच बेसन आणि तांदळाचं पीठ चोळलं, ओवा, तिखट, हळद, चमचाभर तेल. बारा मांडल्या. निम्म्या वेळानं उलटल्या.

कडा कुरकुरीत झाल्या, मधला भाग मात्र गिळगिळीत राहिला. तेव्हा कळलं, दोष मालात आहे. हातभर वाढलेली झुकिनी म्हणजे नुसत्या बिया आणि पाणी. वीतभर असतानाच तोडायला हवी. हे त्याला सांगायचं कसं? वहिनीला फोन लावला.

"वहिनी, त्याला म्हणावं लहान असताना तोड. वीतभर."

मागून आवाज आला. तीन वर्षांनी पहिल्यांदा ऐकला. "तिला सांग, येवडी कवळी कुटं तोडत्यात व्हय? एका रातीत दुप्पट हुतीया. थांबाय काय जातंय?"

"त्याला सांग, मला दुप्पट नको, निम्मी पाहिजे."

"तिला सांग, शेती म्या करतोय."

"त्याला सांग, मग उकडून खा म्हणावं जन्मभर."

वहिनी म्हणाली, "दोगांनाबी आयकू येतंय की. मग म्या मदी कशाला?"

मी फोन ठेवला. त्याचा आवाज बारीक झाला होता. परेडवर अर्धा मैल ऐकू जायचा तो आवाज, आता दोन वाक्यांनी दमत होता. त्या दिवशी मला भांडून काही बरं वाटलं नाही.

चार दिवसांनी दुसरं पोतं आलं. वरपासून खालपर्यंत वीतभर झुकिनी, सगळ्या एका मापाच्या, देठ एका बाजूला करून लावलेल्या. पार तळाशी मात्र एक हातभर लांब ठेवलेली होतीच. ती तो ठेवणारच.

आणि त्या दिवशी जमलं. मी चिमट्यानं चकती उचलली, ती वाकली नाही. ह्यांच्या ताटलीत ठेवली. हे पेपर वाचत होते, वाचता वाचता चावले. कुर्र असा आवाज आला, मला स्वयंपाकघरात ऐकू आला. हे चांगली आहे म्हणाले नाहीत. पेपर खाली ठेवला आणि ताटली पुढं केली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी मागून घेतलं, तेव्हाच मला समजलं.

पुढच्या दिवशी पाच घाणे काढले. साठ चकत्या. गरमागरम स्टीलच्या डब्यात भरल्या आणि झाकण दाबून बसवलं. हे म्हणाले, "वाफ धरेल."

मी म्हटलं, "तुम्ही फिटर आहात ना, मग फिटरच राहा."

तीस वर्षं मी पोरांना फळ्यावर पाण्याचं चक्र काढून शिकवलं. वाफ वर जाते, गार होते, पुन्हा पाणी होऊन खाली पडते. पण त्या दिवशी मला घाई होती. दहाची गाडी गाठायची होती, आणि त्याच्या दुपारच्या जेवणात ते पडायला हवं होतं. डबा ड्रायव्हरच्या हातात देताना बजावलं की उलटा करू नका, नाजूक आहे.

दीडला वहिनीचा फोन. "वन्सं, रागवू नगासा. मालकांनी निरोप द्याय सांगितलाय."

"सांग."

"ते म्हनत्यात, इचार आक्काला, ही भजी हायत का धिरडी."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. साठ चकत्या उन्हात वाळवल्या, कावळे हाकलले, बारा बारा करून भाजल्या, आणि हा गृहस्थ तेच वाक्य, तेच शब्द, कानामात्रा न बदलता. हे सोफ्यावरून म्हणाले, "निरोप तुझ्या नावानं आलाय, एवढं तरी बघ." मी बघितलं नाही. मी मशीन फ्रिजवरून खाली काढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली गाडी. ह्यांना म्हटलं, तुम्ही येऊ नका, मला शांत करायला कुणी बरोबर नको. पिशवीत पीठ, ओवा, तिखट, चिमटा, पंचा. मांडीवर एअर फ्रायर. कंडक्टरनं बायकांचं हाफ तिकीट दिलं आणि विचारलं, "मावशी, ह्यो डबा कसला?"

"भट्टी आहे."

"गाडीत पेटवू नका म्हंजे झालं."

कव्हर घाईत घरीच राहिलं होतं. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं मशीनवरचं स्वस्तिक बघितलं आणि कुठला तरी देव असेल म्हणून हात जोडले. मीही काही सांगितलं नाही. मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होते. कराड येईपर्यंत वास्तुशांतीचा भाग झाला. कराड ते पेठ नाका तीन भाऊबिजांचा भाग झाला. नाक्यावरून वडापच्या जीपमध्ये दहा माणसांत कोंबून बसले, तेव्हा शेवटचा, ठेवणीतला भाग तयार झाला.

तो दारातल्या पायरीवर बसला होता. वहिनीनं सांगितलं होतं तरी मी तयार नव्हते. खांदे शर्टाच्या आत कुठंतरी खाली उतरले होते. गळ्याची हाडं दिसत होती. मिश्या तेवढ्या पूर्वीच्याच, त्या आता चेहऱ्याला मोठ्या होत होत्या. भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक.

मी म्हटलं, "प्लग कुठं आहे?"

तो म्हणाला, "सैपाकघरात, वट्यावर."

एवढंच बोलणं झालं. तो उठून झुकिनी तोडायला गेला. वहिनी जाते म्हणाली, तर तिला हातानं थांबवलं. मी खिडकीतून बघत होते. शेत घरालाच लागून आहे, पण तो बांधावर एकदा थांबला, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि मग पुढं गेला. परत आला तेव्हा पाटीत वीतभर दहा होत्या. मोठी एकही नव्हती.

चकत्या करून स्लॅबवर पसरल्या. वास्तुशांतीचा मांडव जिथं होता, त्याच्या बरोबर वर. गावात कावळे फार आणि वहिनीच्या कोंबड्या जिना चढून येतात. म्हणून दोघं राखण करत बसलो. तो एका टोकाला काठी घेऊन, पाठ ताठ, मी दुसऱ्या टोकाला. तासभर. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा कोंबडी आली.

मग मशीन लावलं. दिवा मिणमिणता होता, मशीन नुसतंच घुरघुरायला लागलं. भाऊ बाहेर गेला, विहिरीवरची मोटार बंद करून आला, आणि मशीननं सूर धरला. बारा मांडल्या, उलटल्या, काढल्या. त्याच्या ताटलीत ठेवल्या आणि चिमटा हातात घेऊन समोर उभी राहिले.

त्यानं एक उचलली. दोन बोटांत धरली, अगदी तशीच, त्या दिवशीसारखी. वर केली. वाकली नाही. तोंडात टाकली. आवाज वहिनीला चुलीपाशी ऐकू गेला, तिनं मान वर केली. मग दुसरी, तिसरी. बाराच्या बारा संपवल्या. मी दुसरा घाणा लावला, तोही संपवला. तिसरा वाढला आणि म्हटलं, "आता बोल."

"मीठ कमी हाय."

"मीठ तुला बंद आहे. आणि काल धिरडी म्हणालास, त्याचं बोल."

तो खाली बघत बोटांना लागलेलं पीठ चाटत होता. "कालची बी चांगली हुती. समदी खाल्ली. डबा बोटानं पुसला, इचार हिला."

वहिनीनं मान हलवली.

"मग तसला निरोप कशाला पाठवलास?"

"आन् काय पाठवू? ये म्हनलो असतो तर आली असतीस व्हय तू? राग आल्याबिगर तू यष्टीत बसत न्हाईस. ल्हानपनापास्नं बगतोय."

मी चिमटा खाली ठेवला. तोच पुढं बोलला, ताटलीकडं बघत, अगदी सहज. "सांगलीला त्या टेबलावर घेत हुते तवा डाक्टर म्हनला, कुनाला बोलवायचं हाय का, फोन लावू का. म्हनलं, आक्काला लावा. मग म्हनलं, नगं, ऱ्हाऊ द्या. ती पयलं भज्याचं काढंल."

मी खुर्चीवर बसले. काढलं असतं. खरं सांगते, मी काढलंच असतं. फोन उचलला असता आणि काय झालं हे विचारायच्या आधी म्हटलं असतं, आता बरी आठवण झाली. भाऊ टेबलावर पडलेला असताना मी तीन वर्षांपूर्वीचं भजं बाहेर काढलं असतं, आणि ते त्याला माहीत होतं. तो माझ्याशिवायच आत गेला.

मी रडत होते आणि तो घाबरून वहिनीकडं बघत होता. तेव्हा मी ते सांगितलं, जे ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी पीठ पातळ झालं होतं. गडबडीत दोन तांबे पाणी जास्त पडलं. मला पहिल्या घाण्यालाच कळलं होतं. धिरडीच होती ती."

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "पर मानसांम्होरं म्हनाय नगं हुतं."

वहिनी म्हणाली, "आवं, ह्येच तीन वर्सांमागं म्हनला असता तर?" आम्ही दोघांनी तिच्याकडं असं बघितलं की ती उठून चहा ठेवायला गेली.

संध्याकाळी निघताना त्यानं पोतं भरून दिलं. मी मशीन तिथंच ठेवलं, वहिनीला दोनदा करून दाखवलं, तिच्या हातून करून घेतलं. तिची माझ्यापेक्षा चांगली झाली, पण ते मी तिला म्हटलं नाही. घरी आले तर हे दारात उभे. माझ्या हातात मशीन नाही बघून ह्यांचा चेहरा पडला. आता खरवडायला काही उरलं नाही, असं ह्यांना वाटलं असणार.

भाऊबीजेला भाऊ आला. फोन न करता आला, हातभर लांब दोन झुकिन्या काखेत मारून. मी ओवाळलं. वर चंद्र होता, असं हे म्हणाले. मी काही गच्चीवर गेले नाही.

आता दर शनिवारी फोन येतो. मध्ये वहिनी नसते, तो स्वतःच बोलतो. "आक्का, हिनं आज परत धिरडी केल्यात बग." मागून वहिनी ओरडून सांगते की खोटं आहे वन्सं, सगळी कुरकुरीत होती, ताट साफ केलंय. मी तरीही रागावते, अगदी मनापासून रागावते, आणि रविवारी सकाळची पहिली गाडी धरते.